डावखुऱ्या गोलंदाजाची लेक

मस्कतमधल्या बौशर भागातल्या आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकात नवा पेशंट आला की मी आधी एकच प्रश्न विचारायची, तुम्हाला नक्की काय करता यायला हवंय? दुखतंय कुठे ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं असतंच. पण माणसाला काय करायचंय ते कळलं की व्यायाम ठरवणं सोपं जातं. ओमानी आज्या म्हणायच्या, नमाजाला खाली बसता यायला हवं. आपल्याकडचे पुरुष म्हणायचे, शुक्रवारच्या सुट्टीत बोलिंग टाकता आली पाहिजे. कुणाला जिना चढायचा असायचा, कुणाला नातवाला उचलून घ्यायचं असायचं.

दोन हजार तेरा-चौदाच्या हिवाळ्यात एक इंग्रज बाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. वर्षभरापूर्वी इंग्लंडात उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांची मुलगी मस्कतमध्ये एका कॉलेजात शिकवायची आणि त्या तिच्याकडे राहायला आल्या होत्या. मुलगीच त्यांना घेऊन आली होती आणि तीच बोलत होती. आईला घरात आधाराशिवाय हिंडता यावं, बाथरूममध्ये पडू नये, एवढं झालं तरी पुष्कळ, असं तिचं म्हणणं.

मी बाईंकडे वळून विचारलं, “आणि तुम्हाला काय करता यायला हवंय?”

“मला बोटीतून वाळूवर उतरता यायला हवंय,” त्या म्हणाल्या.

मुलीने नुसती मान खिडकीकडे वळवली. हा विषय त्यांच्या घरात बराच चघळून झालेला आहे, हे तेवढ्यावरून माझ्या लक्षात आलं.

“कसली बोट?”

“छोटी. तिथे धक्का नाही. बोट वाळूला टेकवतात आणि पाण्यात पाय टाकून उतरावं लागतं. माझ्या वडिलांची कबर आहे तिथे.”

जागा मला माहीत होती. म्हणजे लांबून माहीत होती. पाहुणे आले की आम्ही त्यांना डॉल्फिन दाखवायला बोटीतून न्यायचो, तेव्हा बोटवाला हात करून दाखवायचा. जुन्या बंदरापलीकडे उभे काळे डोंगर थेट समुद्रात उतरतात, त्यांच्या एका खाचेत वाळूची लहानशी पट्टी आहे. जहाजांवर मेलेल्या ख्रिस्ती खलाशांना पूर्वीपासून तिथे पुरत आले. मागे डोंगर इतका सरळ की रस्ता निघायचा प्रश्नच नाही. जायचं तर पाण्यातूनच.

मी “बघू” म्हणाले. आपल्याकडे ‘बघू’मध्ये नाही म्हणायची सोय असते. पण बाईंनी ते होकारासारखं घेतलं आणि पुढच्या वेळेपासून एकट्या टॅक्सीने यायला लागल्या.

व्यायाम करताना माणसं बोलतात. पाठीवर झोपून छताकडे बघत पाय उचलायचा असतो, समोर कुणाचा चेहरा नसतो, त्यामुळे असेल. बाईंनी वडिलांची गोष्ट मला अशीच तुकड्यातुकड्यांनी सांगितली, पायाला रबरी पट्टा बांधलेला असताना.

वडील क्रिकेटपटू होते. इंग्लंडच्या मधल्या भागातल्या एका गावात बुटांचे कारखाने होते, तिथे ते पोरवयात चामडं कापायला लागले. कारखान्याच्या टीममध्ये डाव्या हाताने हळू फिरकी टाकायचे. ती बघून काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या टीमने, बोलावलं. ते पगार घेऊन खेळणारे खेळाडू झाले. त्या काळी हौशी म्हणून खेळणारे साहेब लोक एका दाराने मैदानात उतरायचे आणि पगारी खेळाडू दुसऱ्या दाराने. कपडे बदलायच्या खोल्याही वेगळ्या. हे ऐकून मी पट्टा ओढायची थांबले. अशा गोष्टी फक्त आपल्याकडे असतात अशी माझी समजूत होती.

“आणि थंडीत?” मी विचारलं. “तेव्हा तर खेळ नसतो.”

“थंडीत परत चामडं कापायचं.”

बाईंची आई त्याच मैदानावर चहाच्या खिडकीत बसायची. हा लाजाळू डावखुरा चहात भरमसाट साखर घालून घ्यायचा आणि दुसरं काही न बोलता निघून जायचा. मग एका ओल्या सकाळी पाऊस थांबून ऊन पडलं, विकेट चिकट होऊन चेंडू हवा तसा वळायला लागला आणि त्याने समोरची अख्खी टीम जेवायच्या सुट्टीआधी गुंडाळली. त्या दिवशी खिडकीशी येऊन त्याने चहा मागितला नाही, लग्नाचं विचारलं. ही गोष्ट आईने बाईंना एकदाच सांगितली होती, आणि तीही कुणा नातेवाइकाच्या लग्नात वाइन घेतल्यावर.

त्यानंतर दोन उन्हाळे ते काउंटीकडून खेळले आणि युद्ध सुरू झालं. बाई जन्मल्या त्या युद्धातच.

चांगल्या खेळाडूंना सैन्यात बहुतेक वेळा कवायतीचं काम मिळायचं. नव्या भरतीच्या पोरांकडून उठाबशा काढून घ्यायच्या, पळवायचं, संध्याकाळी छावणीच्या टीमकडून खेळायचं. वडिलांनाही ते मिळालं, घरापासून फार लांब नसलेल्या छावणीत. वर्षभर त्यांनी ते केलं. मग स्वतः अर्ज करून विमानदलात वायरलेस चालवायला गेले.

“का?”

“आपण तयार केलेली पोरं पुढे जातात आणि आपण मागे राहतो, हे त्यांना सहन होईना, असं आई म्हणायची. पण ती हे कौतुकाने नाही सांगायची. त्यांनी ते तिच्याविरुद्ध केलं, असंच तिच्या बोलण्यात असायचं. माझ्याही मनात तेच बसलं. राहू शकत होते ते. राहिले नाहीत.”

त्यांना अरबस्तानच्या किनाऱ्यावरच्या एका विमानतळावर पाठवलं. बाई तेव्हा तीन वर्षांच्याही नव्हत्या. वडील त्यांना आठवत नाहीत. खरखरीत लोकरीची एक बाही गालाला लागल्याचं आठवतं, पण ती त्यांचीच होती का मामाची, ते सांगता येत नाही. मस्कतकडे येताना विमानाच्या इंजिनाने पेट घेतला आणि ते समुद्रात पडलं. घरी पहिली तार आली ती बेपत्ता असल्याची. दुसरी आली तेव्हा आईने ती शेजारणीकडून वाचून घेतली.

त्यानंतर त्या घरात क्रिकेट बंद झालं. रेडिओवर कॉमेंटरी लागली की आई उठून बटण फिरवायची. आणि बाई डावखुऱ्या निघाल्या. अंगणात त्यांनी डाव्या हाताने दगड जरी फेकला तरी आई खिडकी लावून घ्यायची. मारायची नाही, रागवायचीही नाही. नुसती खिडकी लावायची.

“मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागायचं,” बाई म्हणाल्या. “मग मी काही फेकायचंच सोडलं.”

समुद्राचीही त्यांना भीती बसली होती. वडील समुद्राच्या तळाशी आहेत, असं त्या लहानपणी समजत होत्या. सुट्टीत किनाऱ्यावर नेलं तरी घोट्याच्या वर पाणी येऊ द्यायच्या नाहीत. खरं काय ते आईने पार शेवटी सांगितलं, वृद्धाश्रमात, स्वतः नव्वदीत असताना. युद्ध संपल्यावर वडिलांच्या छावणीतला एक सोबती घरी येऊन गेला होता. लहानग्या बाईंना तेव्हा शेजारी पाठवलं होतं. तो स्वयंपाकघरात बसून सांगत होता, की छावणीजवळ मिठाने कडक झालेली सपाट जमीन होती, तिच्यावर काथ्याची चटई अंथरून तुमचे यजमान संध्याकाळी बोलिंग टाकायचे, तेलाचं पिंप हीच विकेट, आणि कुणालाच त्यांचा चेंडू कळायचा नाही. आणि त्याने सांगितलं, की ते पाण्यात फार वेळ नव्हते. कोळ्यांनी त्यांना होडीत घेतलं, अंगावर स्वतःचं वस्त्र घातलं आणि किनाऱ्याला आणलं. पुरताना तो स्वतः हजर होता.

“आईने हे इतकी वर्षं सांगितलं का नाही?” मला राहवलं नाही.

“मीही तेच विचारलं. म्हणाली, तू कधी विचारलं नाहीस.”

हे सगळं मी फोनवर माझ्या वडिलांना सांगितलं. ते चिपळूणला शाळेत मास्तर होते, आयुष्यभर गावच्या मॅचेसमध्ये अंपायर. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “विकेट किती त्याच्या?”

“बाबा, तो माणूस लढाईत गेला.”

“हो गं, ऐकलं ते. पण डावखुरा स्लो, ओली विकेट, दोन सीझन. बऱ्याच असतील.”

मी बाईंना विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. कुठल्या तरी पुस्तकात असणार म्हणाल्या, पण कधी उघडून बघितलं नाही.

“तिथे जाऊन काय करणार आहात?” मी एकदा विचारलं. मला वाटलं, फुलं वाहणार म्हणतील.

“त्यांना सांगायचंय, की मी तुमच्यावर रागावलेली आहे. हे कुणाला तरी तोंडावर सांगायचं राहूनच गेलंय.”

त्या दिवसापासून मी ‘बघू’ म्हणायचं सोडलं.

व्यायाम बदलले. उंच पलंगाच्या कडेला बसून दोन्ही पाय एकत्र फिरवून पलीकडे टाकायचे, कारण बोटीच्या काठावरून तसंच उतरायचं होतं. लाकडी पाटाखाली गोल ठोकळा असलेली आमची डुगडुगती फळी होती, तिच्यावर उभं राहायचं. मग स्टुलावरून खाली जाड फोमच्या गादीवर पाय टाकायचा. वाळू अशीच दगा देते. फोमवर पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. पुढे पुढे मी नुसतं बोट पुढे करायची आणि त्या ते धरायच्याही नाहीत. क्लिनिक सुटल्यावर संध्याकाळी आम्ही घुब्राच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूतून चालायचो. पाणी घोट्यापर्यंत आलं की त्या थांबायच्या. मी ओढायची नाही. एक दिवस त्या स्वतःच दोन पावलं पुढे गेल्या आणि म्हणाल्या, “कोमट आहे की.”

त्यांच्या मुलीने एकदा मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. “ती पडली तर?” तिने विचारलं. “ऑपरेशन केलेला खुबा परत मोडला तर काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.”

माहीत होतंच. मी म्हणाले, “मी बरोबर असेन.”

“त्याने काय होणार आहे?”

घरी नवराही तेच म्हणाला. “पेशंटला बोटीत घालून नेणार, आणि काही झालं तर? इथे तुझं लायसन्स आहे, आपला व्हिसा आहे.” मी आमच्या क्लिनिकच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते केरळचे, मितभाषी. त्यांनी बाईंचा एक्स-रे पुन्हा एकदा उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “खुबा उत्तम आहे. आणि सुट्टीच्या दिवशी तू फिजिओ नाहीस, मैत्रीण आहेस. मैत्रिणी बोटीतून फिरायला जातात.”

हे ऐकल्यावर नवरा म्हणाला, “मग बोटवाला मी बघतो.”

त्याच्या शुक्रवारच्या क्रिकेट टीमचा विकेटकीपर एका ओमानी मालकाची टुरिस्ट बोट चालवायचा. दापोलीकडच्या किनाऱ्यावरच्या गावचा, मुसलमान, घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. आठवडाभर डॉल्फिन दाखवायचा आणि शुक्रवारी नमाज झाला की ग्लोव्हज घालून उभा राहायचा. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “ताय, अर्बाबला, मालकाला, इचारतो. तो नाय म्हणायचा नाय. पन एक हाय. पान्यावर मी बोलीन तसा करायचा. मी नको बोललो तर नको.”

पहिल्यांदा आम्ही गेलो तो शनिवार होता. सकाळी बंदरात पाणी शांत दिसत होतं. बाईंना लाइफ जॅकेट घातलं, त्या मधल्या बाकावर बसल्या आणि दोन्ही हातांनी बाक धरून ठेवला. डोळे मिटलेले. डोंगराचं टोक ओलांडलं तेव्हा बाहेर वारा आहे हे कळलं. लाटा मोठ्या नव्हत्या, पण वाळूवर जाऊन फुटत होत्या. आमच्या विकेटकीपरने किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर इंजिन मंद केलं आणि नुसता बघत उभा राहिला. वाळूच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी, पांढरे क्रूस आणि बुटके दगड दिसत होते. बाईंनी डोळे उघडले होते.

“आज नाय जमायचा, ताय,” तो म्हणाला. “उतरवीन मी त्यांना. पन परत चढवताना बोट आपटली तर पायावर यील.”

मी बाईंना सांगितलं. त्या क्रूसांकडे बघत राहिल्या. मग त्याच्याकडे वळून विचारलं, “पुन्हा आणाल का?”

“इन्शाल्ला,” तो म्हणाला.

“म्हणजे हो की नाही?”

त्याने मला समजावलं आणि मी त्यांना इंग्रजीत. आणायचं माझ्या हातात आहे, ते मी नक्की करेन. समुद्राचं मी सांगू शकत नाही.

परतताना मला रडू येत होतं. किनाऱ्याला लागल्यावर बाईच म्हणाल्या, “तुझ्या लक्षात आलं का? तिथे असताना मी बाक सोडला होता. घाबरायचं विसरले मी.”

त्यानंतर दोन-तीन आठवडे वारा पडेना. मी रोज सकाळी गॅलरीतून झाडांकडे बघायची. माझी मुलगी तिच्या शाळेतल्या इंग्रजीमिश्रित मराठीत विचारायची, “आई, तुझी ग्रॅनी आज बोटमध्ये जाणार?” मी म्हणायची, आज नाही. मग एका शुक्रवारी ग्राउंडवरून नवऱ्याचा फोन आला. “तो म्हणतोय उद्या. पाणी तेलासारखं असेल म्हणतो.”

खरंच तेलासारखं होतं. नवराही या वेळी बरोबर आला, पँट गुडघ्यांवर दुमडून. बोटीचं पुढचं टोक वाळूला टेकलं तसा विकेटकीपर पाण्यात उतरला आणि त्याने बोट धरली. दुसऱ्या बाजूने नवऱ्याने धरली. मी आधी उतरले आणि बाईंसमोर उभी राहिले. त्या काठावर बसल्या, शिकवल्याप्रमाणे दोन्ही पाय एकत्र फिरवून बाहेर टाकले. पाय पाण्याला लागले.

लाट मागे गेली. मी म्हणाले, “आता.”

त्या उठल्याच नाहीत.

मी हात तसाच पुढे धरून ठेवला. दुसरी लाट आली, बोट जराशी उचलली, खाली बसली. विकेटकीपरने बोट घट्ट धरून ठेवली. नवरा बोलणार होता, मी त्याच्याकडे बघितलं. मला दिसत होतं की बाई पाण्याकडे बघतायत. माझ्याकडे नाही, वाळूकडेही नाही, स्वतःच्या पायांभोवतीच्या पाण्याकडे.

तिसरी लाट मागे गेली. मी तोंड उघडायच्या आत त्या उभ्या राहिल्या. पोटऱ्यांपर्यंत पाणी. एक पाऊल, दुसरं, वाळूत रुतलेला पाय सावकाश उचलून तिसरं. मी हात पुढे करून उलटी चालत होते, लहान मुलाला चालायला शिकवताना चालतात तशी. त्यांनी हात धरला नाही. कोरड्या वाळूवर आल्या आणि म्हणाल्या, “काठी दे आता. दमले.”

जागा माझ्या कल्पनेपेक्षा नीटनेटकी होती. मला वाटलं होतं पडझड असेल, वादळांत दगड वाहून गेले असतील. पण कबरींभोवती गोटे ओळीने लावलेले होते, क्रूसांना चुना दिलेला होता. कुणीतरी येऊन निगा राखत होतं. जुन्या खलाशांच्या दगडांवरची अक्षरं वाऱ्याने पुसली होती. बाईंच्या वडिलांचा दगड त्यामानाने नवा, अक्षरं स्वच्छ. त्या तिथपर्यंत एकट्या गेल्या. मी मुद्दाम मागे थांबले, एका खडकाच्या सावलीत, पण इतक्या अंतरावर की तोल गेला तर धावत पोचता यावं.

बराच वेळ त्या उभ्या होत्या. मग त्यांनी मला हाक मारली.

“हे बघ,” काठीने त्यांनी दगडाच्या खालच्या भागाकडे खूण केली. तिथे वय लिहिलं होतं. अठ्ठावीस.

“माझा नातू एकोणतीसचा आहे,” त्या म्हणाल्या. “त्याला अजून स्वतःचे मोजे सापडत नाहीत. मैत्रिणीशी भांडण झालं की मला फोन करून रडतो.” मग म्हणाल्या, “मी आयुष्यभर एका मोठ्या माणसावर रागावलेली होते. वय मला माहीत नव्हतं असं नाही. पण मनातले वडील नेहमी माझ्यापेक्षा मोठेच असायचे. हा तर पोरगा आहे गं.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसतही होत्या, दोन्ही एकदमच. “एवढ्याशा पोरावर कुणी रागावतं का?” त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर हात टाकून उभ्या राहिल्या.

बोटीतून आणलेलं घडीचं स्टूल मी उघडून दिलं, त्या दगडासमोर बसल्या आणि मला जायला सांगितलं. मी खडकापाशी परत आले. त्या बोलत होत्या, अगदी हळू. शब्द ऐकू येत नव्हते. पुढे मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “काय बोलणार? नाश्त्याला काय खाल्लं ते सांगितलं. हवा कशी आहे ते सांगितलं. आई चांगली नव्वदीपार जगली ते सांगितलं. अनोळखी माणसाशी पहिल्या भेटीत आणखी काय बोलतात?”

मी खडकापाशी उभी असताना विकेटकीपर वर आला. बोट नवऱ्याने धरून ठेवली होती. मी त्याला कोळ्यांची गोष्ट सांगितली, त्यांनी होडीत घेतलं, अंगावर वस्त्र घातलं ती. मला वाटलं त्याला नवल वाटेल.

“मग?” तो म्हणाला. “दर्यात मिलालेला मानूस कोन टाकून येतो? आमच्याकडं पन आनतात. कोनाचा का असंना. वर चादर टाकतात. ता तर कराचाच असतो.”

मग तो म्हणाला, “त्यांना इचारा, मी दुवा मागू का?”

मी जाऊन विचारलं. बाई स्टुलावरून उठल्या. तो कबरीपासून जरा अंतर राखून उभा राहिला, ओले तळवे वर करून ओठांतल्या ओठांत पुटपुटला, मग हात चेहऱ्यावरून फिरवले. बाई शेजारी मान खाली घालून उभ्या होत्या. झाल्यावर त्यांनी त्याला आभार मानायला अरबीत ‘शुक्रन’ म्हटलं. मस्कतमध्ये राहून तेवढं त्या शिकल्या होत्या. तो लाजला. तो काही अरब नव्हता.

परत चढणं मात्र कठीण गेलं. उतरताना वजन आपल्या बाजूने असतं, चढताना नसतं. शेवटी नवऱ्याने आणि विकेटकीपरने मनगटांत मनगटं गुंफून त्यांना बसवून उचललं, लग्नात नवरदेवाला उचलतात तसं. त्या वरून म्हणाल्या, “असं उचलून नेता येतं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी इतका व्यायाम केलाच नसता.” नवरा एवढा हसला की मला वाटलं, पाडतो आता.

बोट सुरू झाली आणि त्या म्हणाल्या, “मला भूक लागलीय. प्रचंड.” मी थालीपीठं आणली होती, लिंबाचं लोणचं होतं. लोणच्याने त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरं थालीपीठ मागून घेतलं. उन्हात पाणी चमकत होतं आणि त्यांनी एक हात बोटीच्या काठावरून बाहेर सोडला होता.

धक्क्यावर त्यांची मुलगी उभी होती. येणार नाही असं तिने निक्षून सांगितलं होतं. घरी राहवलं नसेल. आई बोटीतून उतरून ओल्या पँटने चालत येताना तिला दिसली. ती जवळ आली आणि एवढंच म्हणाली, “तू भिजलीयस.”

“हो,” बाई म्हणाल्या, “गुडघ्यापर्यंत.”

मुलीने तिथेच, माणसांच्या गर्दीत, आईला मिठी मारली आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग आम्ही पाचहीजण बंदराजवळच्या मत्रहच्या बाजारात जाऊन चहा प्यायलो. बाई मुलीला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, अगं, तुझ्या मुलापेक्षाही लहान आहे तो.

घरी येऊन मी पलंगावर अंग टाकलं तेव्हा माझे दोन्ही खांदे कानांपाशी चढलेले आहेत, हे माझ्या लक्षात आलं. दिवसभर लोकांना खांदे खाली सोडा, खाली सोडा सांगणारी मी. ते खाली आले तसे दुखायला लागले. मी भर दुपारी, पडदेही न ओढता, चांगली गाढ झोपले. उठले तेव्हा नवऱ्याने पोरीला घेऊन स्वयंपाक करून ठेवला होता आणि बाहेर संध्याकाळची, मगरिबची अजान चालू होती.

बाई नंतर उन्हाळा सुरू होईपर्यंत मस्कतमध्ये होत्या. क्लिनिकात आणखी थोडेच दिवस आल्या, मग मीच सांगितलं की आता येऊ नका. इंग्लंडला जाण्याआधी एका शनिवारी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, आज परत कबरीवर जाऊन आलो. मुलगी बरोबर होती, तिला बोट लागली, जाताना-येताना उलट्या केल्या बिचारीने. उतरताना तिलाच हात द्यावा लागला.

“कोण होतं धरायला?” मी विचारलं.

“बोट तुझ्या विकेटकीपरने धरली. मुलीला मी धरलं.”

मला त्यांनी बोलावलं नव्हतं. गरजच नव्हती. मी फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगायला गॅलरीत गेले. तो बॅटला नवी ग्रिप चढवत बसला होता.